फळीवरची सहावी बाटली

मी स्टेंटवर फुंकर मारली. तोंडाने, ओठांचा चंबू करून, गरम वरणावर मारतात तशी. या गोष्टीला चार वर्षं झाली आणि आजवर मी ती कुणाला सांगितली नव्हती. दत्ताराम म्हात्रे जाऊन दीड महिना झाल्यावर, आता ते उलट बोलणार नाहीत याची खात्री पटल्यावर सांगतो आहे. माझ्या धैर्याचा अंदाज वाचकांनी यावरून बांधावा.

ते गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. आमच्या सकाळच्या पेण-रोहा गाडीत डावीकडची तिसरी खिडकी म्हात्र्यांची, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तीन आठवडे ती खिडकी रिकामी होती, आणि मी तिच्यात बसून वडखळपर्यंत खाडीचा वारा खात होतो. म्हातारा आजारी पडला असेल, पडू दे, असा माझा विचार. त्या दिवशी कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “बसा साहेब निवांत, आता कोन उठवत नाय तुमाला. म्हात्रे गेले काल. कावीळ झालेली.” मी उठलो. का उठलो ते सांगता येत नाही, पण उठलो आणि दांडा धरून उभा राहिलो. पुढच्याच थांब्यावर एक बाई सुकटीची टोपली घेऊन चढली आणि त्या खिडकीत ऐसपैस बसली. मी रोह्यापर्यंत उभा. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय दुःख झालंय माणसाला. दुःख नव्हतं ते. सुटलो, असं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटत होती.

मला हा माणूस आवडत नव्हता. त्यालाही मी आवडत नव्हतो. लेखात अहोजाहो करतो आहे ते गेलेल्या माणसाचा मान म्हणून. मनात चार वर्षं एकेरीच चालू होतं. या रविवार पुरवणीच्या संपादकांना यातलं काही माहीत नसल्यामुळे त्यांनी मला सांगितलं, तुम्ही एका कारखान्यातले, एका गाडीतले, म्हात्र्यांवर लिहा. मी लिहिलंसुद्धा. ‘ऋणानुबंध’ हा शब्द त्यात तीनदा आला होता. तो लेख कुठे आणि कसा संपला, ते पुढे सांगतो.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लेप लावणारा. रसायनांच्या टाक्यांना आतून, पंपांच्या पात्यांना बाहेरून असा लेप द्यायचा की आम्ल आणि पोलाद यांची एकमेकांशी ओळखच होऊ नये. म्हात्रे तिथले जुने. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातले, बाप आणि आजा मिठागरावर राबलेले. मिठागरात लाकडी अवजारं का वापरतात, हे मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “कर्णिक, तुमी यमेस्सी ना?” खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्यांनी शाळेत जायच्या आधी पाहिलेलं होतं; मी ते समीकरणात पाहिलं होतं, तेही परीक्षेपुरतं. मी टेबलाशी बसून पुस्तक उघडलं की ते दारातून म्हणत, “मिटा ते नि हात धुवा.” माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आणि हुद्द्याने एक पायरी खाली. अशा माणसाचं बरोबर असणं फार टोचतं.

मग कारखान्याचे मालक, आमचे शेठ, यांचे एक शाळासोबती, मुंबईचे हृदयाचे डॉक्टर, एक डबी घेऊन आले. डबीत कापसावर पोलादाच्या इवल्याशा जाळीदार नळ्या होत्या, बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षा बारीक. तेव्हा ‘स्टेंट’ हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की ही नळी फुग्यावर चढवून आत न्यायची, फुगा फुगवायचा, नळी उघडते आणि वाहिनीला आतून टेकू देते. अडचण एवढीच, की रक्ताला ते पोलाद परकं वाटतं; त्यावर गुठळी धरू शकते आणि जो रस्ता मोकळा करायला गेलो तोच बंद होतो. “वर असा काही लेप द्या,” डॉक्टर म्हणाले, “की रक्ताला आत पोलाद आहे हे कळताच कामा नये.” शेठ माझ्याकडे बघत होते, मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हात्र्यांनी चिमट्याने एक नळी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, “ही आत जाऊन उघडनार म्हंजे तानली जानार. मग लेप पन तिच्यासंगती तानला गेला पायजे. तडकला तर?” डॉक्टर खुर्चीत सरसावून बसले. त्यानंतर त्या बैठकीत माझ्याशी कुणीच बोललं नाही.

मागच्या बाजूची एक खोली या कामाला मिळाली. म्हात्र्यांनी ती स्वतः पुसून घेतली, फटी बुजवल्या, आणि एका बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र काढून त्याला मासेमारीची बारीक तंगूस बांधली. तंगुशीच्या टोकाला स्टेंट. तो पॉलिमरच्या पातळ द्रावात बुडवायचा आणि मग घड्याळ त्याला इतक्या सावकाश वर ओढायचं की बघणाऱ्याला झोप यावी. डॉक्टर ते बघून हसले होते, आणि मग हसायचे थांबून पुन्हा बघत राहिले होते. त्याआधीची धुलाई तर दिवसभराची. साबण, आम्ल, शुद्ध पाणी, पुन्हा पाणी, भट्टीत सुकवणं. हाताचा स्पर्श नाही, रुमालाचा धागा नाही. धुवायला हिराबाई होत्या, निडीहून येणाऱ्या. पन्नाशीच्या, अबोल, आणि म्हात्र्यांनी सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्या. खोलीचा मुख्य कागदोपत्री मी होतो. प्रत्यक्षात म्हात्रे आणि हिराबाई काम करत आणि मी अडगळ करत असे.

मुलीच्या साखरपुड्यासाठी म्हात्र्यांनी दोन दिवसांची रजा घेतली, तेव्हा सहा नळ्या धुऊन तयार होत्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायचे होते. जाताना मला म्हणाले, “बुडवा नि वर घ्या. बाकी काय करू नका. जाळीत पडदा धरला तर सगळा परत, धुन्यापासनं.” हा पडदा म्हणजे काय, तर कधीकधी जाळीच्या एखाद्या घरात द्राव साबणाच्या फुग्यासारखा ताणून बसतो. तो तसाच वाळला तर नळी उघडताना फाटतो. पहिल्या पाच नळ्या देखण्या निघाल्या. सहावीला एका घरात पडदा धरला. इवलासा, रंगीत, मोठा मोहक दिसत होता. नियमाप्रमाणे ती नळी बाजूला काढायची आणि डॉक्टरांना पाच दाखवायच्या. पण सहा धुतल्या होत्या, आणि म्हात्रे नसताना सहाच्या सहा झाल्या हे मला सांगायचं होतं. हिराबाई मोरीवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी वाकलो आणि... फू.

पडदा गेला. नळी स्वच्छ दिसू लागली. मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना पेणला बायकोसाठी गजरा घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, चाचणीसाठी यातली एक नेतो. आता सहातली एक निवडायची तर कुणीही पहिली दिली असती. मी सहावी पुढे केली. का, तर ती मी वाचवलेली होती. तिच्याबद्दल मला अभिमान वाटत होता. मूर्खपणा हा एकदा करून थांबण्यातला प्रकार नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

ओल्या लेपाला वाफेचं वावडं असतं. दमट श्वास लागला की तो त्या जागी दुधासारखा पांढरट होतो आणि धातूला धरत नाही. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. आठवड्याने डॉक्टर ती नळी परत घेऊन आले. मुंबईला फुगा घालून उघडल्याबरोबर एका जागचा लेप कांद्याच्या सालीसारखा सुटला होता. “हा पापुद्रा रक्तात वाहत गेला तर माणूस मेला,” ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “म्हात्र्याच्या धुण्यात काही राहिलं असेल का?” मी म्हणालो, “असू शकेल.”

एवढे दोनच शब्द. दुसऱ्या दिवशी म्हात्र्यांना खोलीतून काढून टाक्यांच्या शेडमध्ये घातलं. तिथे माणूस भोकातून टाकीत उतरतो आणि दिवा धरून, तोंडाला फडकं बांधून आतून ब्रश मारतो. पन्नाशीच्या माणसाला ते काम. ते आपलं भिंग आणि चिमटा न्यायला खोलीत आले, तेव्हा शेठनी टाकून द्यायला सांगितलेल्या त्या सहाही नळ्या त्यांनी कागदात बांधल्या. साल सुटलेली नळी भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली. मग मान वर न करता विचारलं, “मी नव्हतो त्या दिशी काय येगळं झालं, कर्णिक?”

“काहीच नाही. तुम्ही सांगितलंत तसंच केलं.”

“बरं,” ते म्हणाले. हिराबाई मोरीवर भांडं घासत होत्या. ते भांडं फारच स्वच्छ झालं असावं, कारण म्हात्रे निघून गेल्यावरही त्या ते घासतच होत्या.

त्यानंतर वैर सुरू झालं, म्हणजे म्हात्र्यांनी सुरू केलं आणि मी ते मनापासून चालवलं. गाडीत ते माझ्याआधी बसलेले असायचे. शेजारच्या जागेवर त्यांचा जेवणाचा डबा. दुसरं कुणी आलं की डबा मांडीवर जायचा, मी आलो की हलायचा नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, “जागा आहे का, म्हात्रे?” ते म्हणाले, “डबा बसलाय.” पुढे विचारायचं मी सोडलं, पण एकदा गाडीला फार गर्दी होती म्हणून एका प्रवाशाने त्यांना टोकलं, “अवो काका, डब्याला कशाला जागा, साहेबांना बसू द्या की.” म्हात्रे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “डब्याची सोबत बरी. आत काय हाय ते उघडल्यावर समजतं तरी.” गाडी हसली, मीही हसलो. त्यांच्या चमत्कारिक स्वभावावर मी घरी बायकोला रोज एक नवा किस्सा सांगत असे. टाक्यांच्या शेडमधून त्यांनी केलेल्या सूचना मी शेठपर्यंत पोचू दिल्या नाहीत, दोनदा त्यांची रजा अडवली, आणि एकदा त्यांच्या हाताखालच्या माणसांसमोर त्यांना म्हणालो, “स्वच्छता शिका जरा.” त्यांनी ब्रश खाली ठेवला, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि पुन्हा उचलला.

खोली माझ्या ताब्यात आली, आणि तिथे एक नवा रिवाज सुरू झाला, ज्याचा मला फार आनंद होता. मी दारात आलो की हिराबाई एक पांढराशुभ्र घडी केलेला रुमाल माझ्यापुढे धरत आणि म्हणत, “साहेब, तोंडाला बांधा.” स्वतः त्या बांधत नसत. वेल्डर काही जोडायला आला तर त्यालाही देत नसत. एकदा शेठ आले, त्यांनाही दिला नाही. मला वाटलं, हा खोलीच्या मुख्याचा मान आहे. शेठपेक्षाही इथे माझी इज्जत जास्त. रुमाल बांधून मी आरशातही बघितलं होतं, मोठा शल्यविशारद दिसत होतो. रुमाल बांधून दीड वर्ष मी त्या खोलीत काम केलं आणि माझ्या हातून एकही धड लेप निघाला नाही. कधी तडकला, कधी सुटला, कधी लागलाच नाही. डॉक्टर यायचे थांबले. खोलीत आता रंगाचे रिकामे डबे असतात आणि घड्याळाचं ते यंत्र कुणीतरी खिळ्याला टांगून ठेवलं आहे.

दोन वर्षांपूर्वी म्हात्र्यांच्या स्वतःच्याच छातीत दुखलं आणि मुंबईत त्यांना स्टेंट घातला. शेठनी मला बघायला जायला सांगितलं, नाहीतर मी गेलो नसतो. मी नारळपाणी घेऊन गेलो. ते उशीला टेकून बसले होते. “कशाला आलात?” मी म्हणालो, बघायला. “बघितलात. बसा आता तिकडं लांब.” तेवढ्यात तिथले तरुण डॉक्टर आले, आणि म्हात्र्यांनी त्यांना विचारलं, “आत घातलाय त्याच्यावर लेप कसला हाय?” डॉक्टरांना हसू आलं. म्हणाले, “काका, नुसतं पोलाद आहे. लेपाचे प्रयोग चालू आहेत बाहेरच्या देशांत.” म्हात्रे माझ्याकडे वळले. “ऐकलात? चालू हायत.” डॉक्टर गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच. मग त्यांनी विचारलं, आणि आवाजात धार नव्हती, “कर्णिक, काय बोलायचं हाय का तुमाला?”

माझ्या तोंडाशी ते आलं होतं, असं लिहायचा मोह होतो आहे. आलं नव्हतं. मी म्हणालो, “नारळपाणी गरम होतंय.”

“मग प्या तुमी,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच. परत कामावर आल्यावर शेठनी त्यांना टाक्यांतून काढून हजेरीच्या टेबलावर बसवलं, गाडीत डबा पूर्वीसारखाच बसत राहिला, आणि स्टेंटने शेवटपर्यंत काही कुरकुर केली नाही. गेले ते काविळीने.

तो ऋणानुबंधवाला लेख घेऊन मी मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो, लेखासोबत छापायला फोटो मागायला. वहिनींनी बसायला पाट दिला. मी म्हटलं, वाचून दाखवतो. पहिली दोन पानं वाचली, त्यात आमचा स्नेह, एकत्र प्रवास, एकमेकांना दिलेला धीर वगैरे होता. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “चांगलं लिवलाव. कोनाबद्दल हाय?”

मग त्या उठल्या, म्हणाल्या आज रविवार, पाणी बदलायचं राहिलंय, आणि मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. चुलीमागे, जिथे भिंत दिवसभर कोमट राहते, तिथे एक फळी होती आणि फळीवर औषधाच्या सहा काचेच्या बाटल्या. प्रत्येकीत खारं पाणी आणि तळाला एक नळी. वहिनींनी उकळून गाळलेलं पाणी घेतलं, मीठ चमच्याने सपाट मोजून घातलं, ढवळलं, आणि पहिल्या बाटलीतलं जुनं पाणी वाटीत ओतून नवं भरलं. “रक्ताइतकं खारं पायजे, जास्त नाय. ते म्हनायचे, धा वर्सं ठेवायच्या, मग शेठच्या टेबलावर नेऊन मांडायच्या. चार झाली.” मी भिंगातून बघितलं, त्यांनीच भिंग दिलं. पहिलीचा लेप जिथल्या तिथे. दुसरीचा. पाचवीपर्यंत, एकाही लेपाची कड उठलेली नव्हती. मिठागरावर वाढलेल्या माणसाने आपली धुलाई मिठाच्याच पाण्यात सिद्ध करून ठेवली होती, आणि त्या पाचातली एकही कुणी बघितली नव्हती.

पाच बाटल्यांवर चिठ्ठी नव्हती. सहावीवर होती, त्यांच्या ठळक अक्षरात: ‘कर्णिक. फुंकलेली.’

“तुम्हांला... माहीत होतं?” मी विचारलं.

“हिराबाईने मोरीवरच्या आरशात बघितलेलं. त्याच आठवड्याला ह्यांना येऊन सांगितलंन.” मोरीवर आरसा होता. मी त्याच आरशात रुमाल बांधून बघत होतो. “मग शेठला का नाही सांगितलं?” असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज तक्रारीचा होता, हेही लिहून टाकतो. वहिनी म्हणाल्या, “कसं सांगतील? बघनारी ती एकली. तिचं नाव घ्यावं लागलं असतं. तुमी साहेब, ती मोरीवरची. दुसऱ्या दिशी घरी बसवलात असतात तिला. म्हनून हे तुमच्या तोंडातून निघायची वाट बघत रायले. हास्पिटलात पन इचारलानी ना तुमाला? आल्यावर मला म्हनाले, कर्णिक आलावता, पानी पिऊन गेला.”

मला तो रुमाल आठवला. घडी केलेला, पांढरा, फक्त मला दिला जाणारा. कारखान्यातली सगळी माणसं दीड वर्ष मला तो बांधून मिरवताना बघत होती, वेल्डरसुद्धा.

“वहिनी, मी खरं म्हणजे...” मी सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. “मला सांगून काय करू? मी काय शेठ हाय? जिथं ते खोटं लिवनार व्हताव ना, तिथं लिवा.” मी तो लेख त्यांच्यासमोर फाडला. तुकडे त्यांनी चुलीत घातले. कागद बरा जळतो म्हणाल्या. तर शेठ, तुम्ही रविवारी ही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. धुण्यात काही राहिलेलं नव्हतं. फुंकर मी मारली होती. हिराबाई गेल्याच वर्षी काम सोडून मुलाकडे राहायला गेल्या आहेत, तेव्हा घरी बसवायला आता मीच आहे. बाटल्या वहिनींकडे आहेत, पाच धड आणि सहावी माझी. त्यांनी परवानगी दिली तर तुमच्या टेबलावर आणून मांडतो.

निघण्याआधी मला सहावी नीट बघायची होती. वहिनींनी तिचंही पाणी बदलायला बूच काढलं होतं. तळाशी माझी नळी, एका जागी पांढुरकी, आणि सुटलेला पापुद्रा पाण्यात हळूहळू हलत होता. चार वर्षांत तो पूर्ण तुटला नव्हता, धरूनही बसला नव्हता. मी भिंग घेऊन बाटलीच्या तोंडाशी वाकलो. वहिनींनी पदराच्या टोकाने बाटलीचं तोंड झाकलं.

“लांबनं बघा,” त्या म्हणाल्या. “नि फुकू नका.”